आकाशातल्या पटाचं मोल

दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, खेळांची एक लांब यादी आहे. आठ-आठ घरांचा पट, दहा-दहा घरांचा पट, फासे, चेंडू, विटीदांडू, खेळण्यातले रथ आणि धनुष्यं, हवेत बोटाने लिहिलेलं अक्षर ओळखणं, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं. यादीत अगदी वर, दोन्ही पटांच्या लगेच मागे, ‘आकास’ नावाचा खेळ येतो. सुत्तावरच्या जुन्या भाष्यात, अट्ठकथेत, त्याचा खुलासा आहे: पट जमिनीवर न मांडता आकाशात मांडल्यासारखा खेळायचा. म्हणजे घरं नाहीत, सोंगट्या नाहीत. दोघांच्या मनात एकच पट, आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास.

मी जे खेळ लिहिते ते या आकासाच्या कुळातले. इंग्रजीत त्यांना टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच माणसं बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो की रात्र पडली आहे, नदीला पूर आहे, पलीकडच्या काठावर एक दिवा हलतो आहे. आता तुम्ही काय करता? एक जण म्हणतो, मी हाक मारतो. दुसरी म्हणते, मी त्याचं तोंड दाबते, दिवा पोलिसांचाही असू शकतो. जिथे निकाल कुणाच्याच हातात नसावा तिथे फासा टाकायचा. शेवटी कुणी जिंकत नाही, हरत नाही. एक गोष्ट घडलेली असते, जी घरून निघताना कुणाच्याच डोक्यात नव्हती. नागपुरात असे खेळणारे अजून थोडे. कॅफेत बसून इंग्रजीत खेळणारी कॉलेजची मुलं आहेत, आणि इंदोऱ्यात माझ्या डीटीपीच्या दुकानात, रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून, मराठीत खेळणारे आम्ही आहोत.

आमच्या विहारात एक काका आहेत, पाली ग्रंथ नेमाने वाचणारे. त्यांनीच मला ब्रह्मजाल सुत्तातलं ते पान दाखवलं. “बाई, हे वाच. बुद्धानं खेळाले नाही म्हटलं हाये. अन् तू तर खेळाचे पैसे घेते.” काकांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. खेळ हा धम्माला धरून आहे का? आणि त्याचं मोल घेणं हे धम्माला धरून आहे का? पहिल्यावर मी त्यांच्याशी पुष्कळ बोलले. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्यापुरता नाही. गाणी लिहिणारे, पथनाट्य बसवणारे, जयंतीला देखावे करणारे, पुस्तिका काढणारे अशा सगळ्यांना तो विचारला जातो, आणि बहुतेक जण त्यावर गप्प बसतात.

आधी सुत्त. त्या यादीतलं वाक्य नीट वाचलं तर दोष कुठे ठेवला आहे ते दिसतं. काही श्रमण-ब्राह्मण, लोकांनी श्रद्धेने दिलेलं अन्न खातात आणि मग अशा खेळांत वेळ घालवतात. श्रमण गौतम तसं करत नाही, असं ते वाक्य आहे. म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्याला लावलेली ती कसोटी आहे. ज्याच्या ताटात दुसऱ्याच्या कष्टाचं अन्न आहे त्याने ते कशासाठी खाल्लं, याचा हिशेब दिला पाहिजे. गृहस्थासाठी वेगळं सुत्त आहे, सिगालोवाद. तिथे जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. नाच कुठे, गाणं कुठे, असं शोधत दिवसरात्र फिरणाऱ्यालाही सावध केलं आहे. मी ते डावलत नाही. पण तिथली चिंता घर बुडण्याची आहे, बोलावर कुणी भरवसा न ठेवण्याची आहे. पैज न लावता, चार माणसांनी मिळून गोष्ट रचावी याला त्यात मनाई मला दिसत नाही.

त्याच सिगालोवादात, थोडं पुढे, मालकाने कामकऱ्याशी कसं वागावं ते पाच मुद्द्यांत सांगितलं आहे. ताकद पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, काही विशेष खायला आलं तर वाटून द्यावं, वेळेवर सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना गृहस्थांच्या विनयात मालक-नोकराच्या कर्तव्यांना स्वतंत्र जागा दिली. वेतन हा धम्माचा विषय आहे, हे माझ्यासाठी तिथे मिटलं.

आता खेळ घडवणारा नेमकं काय घडवतो, ते सांगायला हवं. त्याशिवाय मोलाची गोष्ट अधांतरी राहते.

या जातीचा पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली काढला. त्यात पात्र तयार करताना ते कुठल्या वंशात जन्मलं हे ठरवावं लागे: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हॉबिट. माणसाला कुठलाही पेशा खुला. ड्वार्फला मात्र एकच पेशा, लढवय्याचा, आणि त्यातही सहाव्या पायरीच्या पुढे त्याने जायचं नाही. हॉबिटला चौथीच्या पुढे बंदी. कितीही शूर असा, कितीही वर्षं खेळा, पुस्तकात लिहिलं आहे की तुमची जात इथवरच.

इंदोऱ्यासारख्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात आपली जातव्यवस्था नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासमोर टोल्किनच्या कथा होत्या, सैन्याच्या लढायांचे जुने खेळ होते. पण नियम एकदा छापला की लिहिणाऱ्याचा हेतू मागे पडतो आणि नियम खेळवत राहतो. दहा जण टेबलाभोवती बसून तीन तास असं वागतात, जणू जन्माने कुवत ठरते. त्यांना तसं वाटत नसेलही. ते तसं खेळतात.

पायऱ्यांची ती बंदी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. जन्मावरून मिळणारी जादा ताकद, जादा बुद्धी मात्र पुढे राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एका पुरवणी पुस्तकाने ती हवी तिथे फिरवून घ्यायची मुभा दिली. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ घातला, आणि जादा गुण पात्राच्या जन्मावरून काढून त्याच्या पूर्वायुष्यावर, म्हणजे त्याने काय काम केलं, काय शिकलं यावर ठेवले. पन्नास वर्षं लागली. या पन्नास वर्षांत हा प्रश्न सतत विचारणारे बहुतेक जण कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पगारावर नव्हते. ते वीस-तीस पानांच्या पुस्तिका लिहिणारे होते. त्यांनी आपल्या छोट्या खेळांतून दाखवून दिलं की जन्माचा रकाना काढला तरी खेळ चालतो, उलट जास्त चांगला चालतो. मोठं पुस्तक त्यांच्या मागून आलं.

माझ्या खेळाचं नाव ‘छप्पनची वाट’. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याआधीचे दिवस. एका गावातली माणसं नागपूरकडे निघाली आहेत. काही पायी, काही बंडीने, काहींनी रेल्वेच्या तिकिटासाठी भांडी विकली आहेत. खेळणाऱ्याने आपल्या पात्राबद्दल तीन गोष्टी लिहायच्या: हाताला कुठलं काम येतं, कुठली गोष्ट आता करायची नाही असं ठरवलं आहे, आणि कुणाला सोबत घेऊन निघालो आहोत. जन्माचा रकाना नाही. गावाने त्या माणसाला काय ठरवलं होतं ते प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून ते लिहायची गरज नाही. फाशांऐवजी अष्टा-चंगा खेळताना वापरतात तसे फोडलेले चिंचोके टाकायचे. पण ते नदीसाठी, पावसासाठी, तापासाठी, वाटेत अडवणाऱ्या पाटलाच्या मर्जीसाठी. आपण कोण आहोत हे ठरवायला चिंचोके टाकायचे नाहीत. बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्मावर या जन्मीची पायरी ठरवणारा विचार नाकारला, आणि मला वाटतं तो नकार नुसता सांगण्याऐवजी खेळाच्या बांधणीतच असावा. बाबासाहेबांची भूमिका या खेळात कुणीही घ्यायची नाही. खेळ दीक्षेच्या मैदानाच्या कडेला, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची गर्दी दिसते तिथे थांबतो. पुढचं खेळायचं नाही.

नियमांच्या या दोन-चार ओळी लिहायला मला फार काळ लागला. प्रत्येक नियम वेगवेगळ्या माणसांबरोबर खेळून पाहावा लागतो. एका नियमामुळे म्हाताऱ्या पात्रांना सगळे वाटेत सोडून जायला लागले, तो काढला. दुसऱ्यामुळे पाटलाचं काम करणाऱ्यालाच सगळ्यात जास्त मजा यायला लागली, तोही काढला. छापल्यावर हे श्रम दिसत नाहीत. दिसते ती एक पातळ पुस्तिका, आणि लोक विचारतात, एवढ्याशा कागदाचे ८० रुपये?

माझे आजोबा उमरेडकडच्या गावातून नागपुरात आले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. टाटांची ही गिरणी १८७७ ला सुरू झाली, आणि आमच्या समाजातल्या किती घरांचं नशीब तिने पालटलं ते नागपूरकरांना माहीत आहे. आजोबा गिरणीचं कौतुक फार करत नसत. भोंगा, कापसाचा धुरळा, ताना तुटला की जॉबरच्या शिव्या, हे सगळं ते सांगत. पण एक गोष्ट ते नेहमी म्हणत: गावात भाकर मिळे, इथं पगार मिळे. गावात मेलेलं जनावर ओढलं, सांगावा नेला, लग्नात वाजवलं तर भाकर मिळत असे. किती, केव्हा, शिळी की ताजी, हे देणाऱ्याच्या मनावर. ती मागायला दारात उभं राहावं लागे, मागताना आवाज कसा ठेवायचा हेही ठरलेलं. पगार मोजून घेता येतो. कमी दिला तर कमी दिला म्हणता येतं, संप करता येतो.

किंमत न ठेवता काम करावं, देणारा श्रद्धेने देईल ते घ्यावं, या सांगण्यात मला आजोबांची ती भाकर दिसते. ‘समाजासाठी करा’, ‘कलेची किंमत होत नसते’, ‘तुमचा सत्कार करू’, ही सगळी दारात उभं करणारी भाषा आहे. शाल-नारळ देणारा मोठा होतो, घेणारा वाकतो. ८० रुपये छापील किंमत असलेलं पुस्तक विकत घेताना कुणी मोठं होत नाही, कुणी वाकत नाही. दोघं समोरासमोर उभे असतात. समतेचा हा एक साधा, रोजचा प्रकार आहे, आणि आपण त्याला कमी लेखतो.

याविरुद्धचं बोलणं मी हलकं मानत नाही. धम्मपदात धम्माचं दान सगळ्या दानांच्या वर ठेवलं आहे. तुकोबांनी कीर्तनाचे पैसे घेणाऱ्यांवर कडक शब्द वापरले, आणि वारकऱ्यांत आजही असे कीर्तनकार आहेत जे बिदागीला हात लावत नाहीत. ती माणसं मला वंद्य आहेत. पण तुकोबांचं स्वतःचं दुकान होतं, महाजनकी होती. कीर्तन हे त्यांचं पोट नव्हतं. भिक्खूला संघ आहे, चीवर आहे, पात्र आहे. ज्याने उपजीविकेचा प्रश्न समाजावर सोपवला त्याने शब्दाचं मोल घेऊ नये हे बरोबरच. चित्रकला शिकलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला तोच नियम लावणं म्हणजे भिक्खूचा विनय तिच्या माथी मारणं, संघाचा आधार मात्र न देता. धम्म फुकटच द्यायचा असतो. दोनशे वेळा पुसून काढलेलं रेखाचित्र, शुद्धलेखन तपासणं, पानांची मांडणी, छपाई, यांत सम्यक आजीविका येते, आणि तीही अष्टांग मार्गातलीच आहे.

बाबासाहेब यात काय करत ते पाहावं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेत अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषणातला काही मजकूर मंडळाला नको होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला, सभाच रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं: ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. पंधराशे प्रती, दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे. गांधीजी तेव्हा आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेगावात राहायला आले होते. त्यांनी त्या वर्षी जुलैत आपल्या ‘हरिजन’ पत्रात या पुस्तकावर लिहिलं. कुठल्याही सुधारकाला हे भाषण टाळून पुढे जाता येणार नाही असं ते म्हणाले, आणि त्याबरोबर किंमत आठ आण्यांवरून दोन आणे, निदान चार आणे करावी असंही सुचवलं.

मी त्या सूचनेवर पुष्कळ विचार केला आहे. गांधीजींचा हेतू स्वच्छ होता. पुस्तक जास्त हातांत जावं. आजही मला हेच सांगणारे लोक बहुतेक चांगल्या मनाचे असतात. पण छपाईचा खर्च कुणी उचलला होता? सभा रद्द करणाऱ्या मंडळाने नाही, भाव कमी करा म्हणणाऱ्यांनीही नाही. ज्याने लिहिलं त्यानेच. दुसऱ्याच्या मालाची किंमत उतरवून दाखवलेली उदारता मला पटत नाही. पुस्तक सगळ्यांपर्यंत जावं असं ज्याला वाटतं त्याने दहा प्रती घेऊन वाटाव्यात. तो उदारतेचा योग्य मार्ग आहे.

आठ वर्षं आधी, १९२८ च्या फेब्रुवारीत, ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र चालवताना बाबासाहेबांनी असाच हिशेब वाचकांपुढे ठेवला होता. पानंच्या पानं एकट्याने भरायची, मोबदला नाही, वर कर्ज. मग या पत्राचं ऋण हे लोकांचंही ऋण नव्हे काय, अशा अर्थाचा मथळाच त्यांनी दिला. आणि सप्टेंबर १९५६ मध्ये, नागपूरच्या दीक्षेच्या एक महिना आधी, प्रकृती खचलेली असताना, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या सुमारे पाचशे प्रती सरकारने ग्रंथालयांसाठी विकत घ्याव्यात असं सुचवलं. ते जमलं नाही. पुस्तक १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आलं. या पत्रात त्यांनी देणगी मागितली नव्हती. प्रती घ्या म्हणाले होते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आणि लोकांनी काय केलं, ते दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर दिसतं. पुस्तकांचे स्टॉल रस्ताभर पसरलेले, फुटपाथवर प्लास्टिक अंथरून मांडलेल्या गीतांच्या, चरित्रांच्या, भाषणांच्या पुस्तिका. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यातून आलेली बाई पदराची गाठ सोडून पुस्तक घेते. माझी आई दरवर्षी काही ना काही घ्यायची. घासाघीस करायची नाही. बांगड्यांसाठी ती दुकानदाराशी भांडत असे, पुस्तकासाठी कधी नाही. ज्या समाजाला अक्षर नाकारलं होतं त्याने अक्षराची पूर्ण किंमत मोजायची सवय स्वतःला लावली. स्वतंत्र लेखकाला पैसे द्यावेत का, ही चर्चा जगात कुठेही होवो, त्या रस्त्याने तिचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे.

कायद्याकडून मात्र खेळ लिहिणाऱ्याला फारशी आशा नाही. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तो फक्त मांडणीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंच्या स्क्रॅब्युलस या स्क्रॅबलसारख्या ऑनलाइन खेळावर स्क्रॅबलवाल्या मॅटेल कंपनीने दावा केला तेव्हा २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मान्य केला नाही. नावापुरती मात्र बंदी घातली. मला हे योग्य वाटतं. नियम सगळ्यांचे असावेत. अष्टा-चंगा कुणाच्या मालकीचा असता तर मी माझे चिंचोके कुठून आणले असते? २०२३ च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीचा नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. मोठी कमाई करणाऱ्या बाहेरच्या लेखकांकडून टक्केवारी घ्यायची असं त्यात होतं. छोट्या लेखकांनी आणि खेळाडूंनी इतका विरोध केला की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन मूळ नियम सगळ्यांना खुले केले.

पण नियम खुले असणं आणि माणूस विसरला जाणं यात अंतर आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत जो ‘व्यापार’ खेळतात तो मोनोपॉलीचा भाऊ. मोनोपॉलीचा मूळ खेळ लिझी मॅगी नावाच्या बाईने केला, १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि जमिनीच्या मक्तेदारीने माणसं कशी नागवली जातात हे लोकांना कळावं म्हणून तो रचला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तिचे हक्क ५०० डॉलरला घेतले. रॉयल्टी आणि कीर्ती चार्ल्स डॅरोला गेली. आर्नेसनलाही आपल्या नावासाठी आणि हिश्शासाठी १९७९ मध्ये कोर्टात जावं लागलं. म्हणून कायदा संपतो तिथून पुढे नीतीने चालावं लागतं, आणि ती नीती आपल्या विदर्भात फार जुनी आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या गावोगाव जाऊन, प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून. त्या आठवणींच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, कुठला पाठ कुणाचा हे ठिकठिकाणी नोंदलेलं आहे. हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावावर आहे. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ, आणि त्यात सांगणाऱ्या बाईचं नाव पुसलेलं नाही. माझ्या पुस्तिकेच्या शेवटी, ज्यांच्याबरोबर खेळून मी नियम सुधारले त्या सगळ्यांची, त्यांना चालत असेल तर, नावं आहेत.

एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात ‘छप्पनची वाट’ची झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटली, असं मला नंतर कळलं. मुखपृष्ठ आणि शेवटचं पान गाळलं होतं. बहुधा कागद वाचवायला. खेळ मुलांना आवडला म्हणतात. मला त्याचा आनंद झाला आणि त्या गाळलेल्या शेवटच्या पानाचं दुःखही झालं. मी तिथल्या लोकांना चोर म्हणत नाही. आपण ऋणी झालो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. अनाथपिंडिकाला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली: जवळ काही असण्याचं सुख, ते वापरण्याचं सुख, ऋणमुक्त असण्याचं सुख आणि निर्दोष असण्याचं सुख. तिसऱ्याला ‘अनणसुख’ म्हणतात. मला वाटतं, आकाशातला पट ज्याने मांडून दिला त्याचे पैसे देणं हे दानाच्या खात्यात धरूच नये. आपणच आपलं अनणसुख मिळवतो.

आमच्या दुकानातली रीत सांगते. टेबलाभोवती मैत्रीत खेळताना कुणी कुणाकडून पैसे घेत नाही. सूत्रधार होणं ही पाळी असते. शाळेने किंवा ग्रंथालयाने कार्यशाळेला बोलावलं तर आधी मानधन ठरवते आणि ते आकड्यात लिहून मागते. पुस्तिकेच्या चित्रकर्तीचे सहा हजार रुपये छपाईच्या आधी दिले, विक्रीची वाट पाहायला तिला लावलं नाही, कारण पुस्तक चालेल की नाही याची जोखीम माझी आहे. लेखनात मदत करणाऱ्याला शब्दामागे दर ठरवून देते. परदेशात इच डॉट आयओसारख्या संकेतस्थळांवर छोटे लेखक एक चांगली पद्धत पाळतात: एक प्रत विकली गेली की दुसरी, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी मोफत ठेवायची, आणि ती उचलणाऱ्याने कारण सांगायचं नाही. मी तीच पद्धत उचलली. विहाराच्या कपाटात काही प्रती ठेवलेल्या असतात, कुणीही न्याव्या. काकांनीही तिथून प्रत नेली, वाचली, आणि आठवड्याने दुकानात येऊन टेबलावर ८० रुपये ठेवले. “हे घे. मोजून घे,” म्हणाले. मी मोजून घेतले.

तुम्ही मराठीत कुणा एकट्यादुकट्याने केलेला खेळ, गाण्यांची पुस्तिका, चित्रकथा घेत असाल तर शेवटचं पान वाचा आणि छापील किंमत द्या. परवडत नसेल तर सरळ सांगा. बहुतेक जण प्रत देतील, मी तर देईनच. परवडत असेल तर भाव उतरवायला सांगू नका. आणखी एक प्रत घ्या, ज्याला हवी आहे त्याला द्या.